मधली वर्षं

माझ्याकडे येणारे बहुतेक कलावंत कर भरायला येत नाहीत, कापलेला कर परत मागायला येतात. मालिकेच्या किंवा जाहिरातीच्या निर्मात्याने दहा टक्के टीडीएस कापून उरलेले पैसे दिलेले असतात आणि वर्षाची सगळी बेरीज केली तरी कर लागेल इतकी कमाई झालेली नसते. मग जुलैत ही मंडळी उगवतात. फाइल कुणाकडेच नसते. कापडी पिशवीत पासबुक, एखादी डायरी आणि मोबाइलमध्ये गूगल पेचे स्क्रीनशॉट. मी कर सल्लागार, नाटकवाला नव्हे. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला आमच्या एकांकिकेचे लेव्हल आणि फ्लॅट उचलले, तेवढीच माझी रंगभूमीची सेवा. तेव्हाचे मित्र त्यात राहिले, मी बाहेर पडलो आणि आता त्यांची रिटर्न्स भरतो.

कलावंताला पैसे कमी मिळतात हे कळायला कर सल्लागार लागत नाही. पिशव्या उपसताना मला अडखळायला होतं ते त्या पैशांच्या येण्याच्या तऱ्हेपाशी. चाळिशीतल्या एका नटाचं वर्ष घ्या. व्यावसायिक नाटकात त्याची बरी भूमिका आहे आणि प्रयोगामागे त्याला नाइट, म्हणजे त्या एका प्रयोगाचे ठरलेले पैसे, मिळते. महिनाभराहून जास्त चाललेल्या तालमींचे पैसे मिळत नाहीत, फार तर पेट्रोलचे. प्रयोग रद्द झाला की नाइट नाही. परीक्षा आल्या, निवडणुका आल्या, मुसळधार पाऊस आला की तारखा जातात. मग डबिंग, शाळेचं गॅदरिंग बसवून देणं, उन्हाळ्यातलं बालनाट्य शिबिर, एखाद्या कारखान्याच्या सुरक्षा सप्ताहातलं पथनाट्य. ज्या कामामुळे लोक त्याला ओळखतात, त्याचा वाटा या बेरजेत निम्म्याहून कमी भरतो. गृहकर्जासाठी तो बँकेत गेला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने त्याला ओळखलं, उठून हात मिळवला, सेल्फी काढला आणि मग अर्ज नाकारला. अधिकाऱ्याचं चुकलं असंही मला म्हणता येईना. तीन वर्षांची रिटर्न्स मीच भरलेली होती.

असं झालं की मला हिशेब मांडायची खोड आहे. महाराष्ट्र सरकार कलावंतासाठी काय काय करतं ते मी वयानुसार एका कागदावर लिहून पाहिलं. शाळकरी वयात बालनाट्य स्पर्धा. पुढे हौशी राज्य नाट्य स्पर्धा, जिच्यातून अर्धी मराठी रंगभूमी घडली. तिच्याबद्दल वाकडं बोलायची माझी छाती नाही. नाटकाच्या निर्मात्याला प्रयोगामागे अनुदान. पन्नाशी उलटली आणि हलाखी असली तर मानधन. फारच मोठं नाव झालं तर जीवनगौरव पुरस्कार, शाल, मानपत्र. या कागदावर पंचविशी ते पन्नाशी हा भाग जवळजवळ कोरा राहिला. माणूस रोज काम करतो ती हीच वर्षं. लग्न, मुलं, भाड्याचं घर, आईवडिलांची दुखणी, सगळं याच पंचवीस वर्षांत येतं. धोरणाला कलावंत होतकरू म्हणून दिसतो आणि विपन्न म्हणून दिसतो. नोकरीवर जाणाऱ्या माणसासारखा तो कामावर निघालेला असतो तेव्हा मात्र दिसत नाही.

मानधनाची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. अगदी अलीकडेपर्यंत तिच्यात तीन वर्ग होते : राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला महिना ३,१५० रुपये, राज्य पातळीच्याला २,७०० आणि जिल्हा पातळीच्याला २,२५०. जिल्हा पातळीच्या कलावंताला गॅस सिलिंडर स्वस्त मिळतो अशी बहुधा कुणाची तरी समजूत असावी. २०२४मध्ये हे वर्ग गेले, सरसकट ५,००० रुपये झाले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं. हे चांगलं झालं.

या योजनेचा एक अर्ज मी भरून दिला आहे. अर्जदार एक ढोलकीवाले काका, ओळखीतून आलेले. आयुष्य तमाशात गेलेलं. वयाचा दाखला होता, उत्पन्नाचा दाखलाही मिळाला. अडलं ते कलेच्या पुराव्यापाशी. इतकी वर्षं कला सादर केल्याची कात्रणं, हँडबिलं, प्रमाणपत्रं जोडायची होती. काकांनी ट्रंकेतून हँडबिलांचा गठ्ठा काढला. गुलाबी, पिवळी, घड्यांवर फाटलेली. एकाही हँडबिलावर त्यांचं नाव नव्हतं. फडमालकाचं नाव मोठ्या टायपात, मग नायिकेचं, सोंगाड्याचं, वगाचं. शेवटी ‘आणि पन्नास कलाकारांचा संच’. काका त्या पन्नासांत. तमाशा सुरू होतो त्या गणाला पहिली थाप यांची, पण कागदावर हे नाहीत. शेवटी एक फोटो सापडला. पुढे नाचणारी, तिच्या शालूच्या पदराआड अर्धी ढोलकी आणि एक खांदा. “ह्यो खांदा माझा,” काका म्हणाले. मी तो फोटो जोडला, फडमालकाच्या नातवाकडून त्याच्या लेटरहेडवर एक पत्र लिहून घेतलं आणि वर जुन्या ओळखीच्या दोन शाहिरांच्या सह्या. अर्ज जिल्ह्याच्या समितीपुढे गेला. काकांना मानधन सुरू झालं. आता दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. कामावर असताना हजेरीपट कुणी ठेवला असता तर हे पुराण लागलंच नसतं.

हजेरीपट नसला तरी तमाशात हिशेब नसतो असं नाही. चांगला पक्का असतो, फक्त उलट्या बाजूने लिहिलेला. दसऱ्याला फड, म्हणजे तमाशाची मंडळी, बाहेर पडायच्या आधी कलावंताला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. ती फेडत वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरायचं. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला त्याच फडात. आषाढ-श्रावण रिकामे. ऊसतोड मजूर आणि मुकादम यांच्यात चालतो तोच हा व्यवहार, आणि पुष्कळदा माणसंही त्याच दुष्काळी पट्ट्यातली. फडमालकाला खलनायक करणं सोपं आहे, पण हंगामाच्या तोंडावर गाड्या, कनात, जनरेटर आणि शंभरेक माणसांची उचल यासाठी तोही सावकाराकडूनच पैसे काढतो. कनातीच्या तिकिटावर ते फिटत नाहीत. खरी कमाई यात्रांची. गुढीपाडव्याच्या आसपास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, घासाघीस होते, सुपाऱ्या ठरतात. वर्षाचं नशीब त्या थोड्या दिवसांत ठरतं.

२०२०चा पाडवा २५ मार्चला होता. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. पुढच्या वर्षीही पाडव्याच्या सुमारास पुन्हा निर्बंध आले. दोन हंगाम गेले, उचल मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती आधीच घेऊन खर्चून झाली होती. सरकारने पुढे एकरकमी पाच हजारांची मदत जाहीर केली, आणि तिथेही काकांच्या अर्जाचाच प्रश्न आला : कलावंत कोण, किती आणि कुठे आहेत? हमालाची नोंद माथाडी मंडळाकडे असते, रिक्षावाल्याचा बॅज असतो. ढोलकीवाल्याची नोंद गावकऱ्यांच्या तोंडी.

विठाबाई नारायणगावकरांचं नाव इथे येणारच. फडावर प्रयोग चालू असताना कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे. कलेवरची निष्ठा म्हणून ती सांगितली जाते आणि सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो. मला ती तशी ऐकवत नाही. भारतात प्रसूतिरजेचा कायदा १९६१चा आहे. नववा महिना भरलेली बाई त्या रात्री रंगमंचावर का होती, तिच्या जागी उभी राहायला दुसरी का नव्हती, त्या रात्रीचे पैसे बुडाले असते तर कुणाचे बुडाले असते, हे प्रश्न त्या हकिगतीत कुणी विचारत नाही. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा सन्मान मिळाला. २००२मध्ये त्या गेल्या त्या हलाखीत; शेवटच्या दुखण्याचं बिल भागवायला देणगीदार लागले. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

नाचणाऱ्या बाईच्या बाबतीत तर पन्नाशीची अटच हास्यास्पद आहे. तिचं पुढच्या रांगेतलं काम पस्तिशी-चाळिशीला संपतं. त्यानंतर ती मागे उभी राहून झील धरते, नव्या मुलींना अदा शिकवते किंवा घरी बसते. मानधनाला पात्र व्हायला अजून दहा-पंधरा वर्षं असतात. ती वर्षं कशावर काढायची हे कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेलं नाही.

कलावंत आणि पगार हे दोन शब्द आज एकत्र विचित्र वाटतात. नेहमीच असं नव्हतं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी दरबारी गवई-वादकांचं रीतसर खातं केलं होतं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे नियम चक्क मराठीत छापले होते. गैरहजेरीला दंड होता, कामाच्या वेळा होत्या. कलावंतांना ते जाचक वाटलं असणार, पण माणूस पगारपत्रकावर होता. नाटक मंडळ्यांचंही तसंच. किर्लोस्कर मंडळींपासून गंधर्व कंपनीपर्यंत नट महिना पगारावर असत, जेवण कंपनीच्या पंगतीत, मुक्काम कंपनीच्या बिऱ्हाडी. तालमीच्या दिवसाचा पगार वेगळा मागावा लागत नसे, कारण तो महिन्यात धरलेलाच असे. बोलपट आले, मंडळ्या मोडल्या आणि नंतरच्या काळात नाइटची पद्धत रुळली. नाइटमुळे नट मोकळा झाला, चार ठिकाणी काम करू लागला, हे खरं. त्या मोकळेपणाची किंमत तालमीच्या महिन्याने आणि रद्द प्रयोगांनी मोजली.

स्वतंत्र भारतातल्या कायद्यांना नट दिसला तो कॅमेऱ्यातून. १९८१ साली सिनेकामगारांसाठी केंद्राने कायदे केले : लेखी करार, भविष्य निर्वाह निधी, कल्याण निधी आणि त्यासाठी चित्रपटांवर उपकर. अंमलबजावणीची रडकथा वेगळी, पण कायदा होता. नव्या कामगार संहितेत त्याच जागी दृकश्राव्य कामगार आले. मालिका, जाहिरात, डिजिटल निर्मिती सगळं त्यात. माझ्या धंद्यातही तीच तऱ्हा. १९६१च्या आयकर कायद्याखाली ठरावीक व्यवसायांना अंदाजाने उत्पन्न दाखवायची सोय होती. त्या यादीत चित्रपट कलाकार नावानिशी होता, त्याची व्याख्यासुद्धा चित्रपटनिर्मितीत गुंतलेला माणूस अशीच. रंगभूमीवरचा नट, कीर्तनकाराचा तबलजी, दशावतारातला संकासुर कुठेच नाही. एकाच माणसाची दुपारची डबिंगची कमाई एका खणात आणि रात्रीच्या प्रयोगाची दुसऱ्या खणात टाकताना मी अनेकदा पेन खाली ठेवलं आहे. मी काही विक्षिप्त मागणी करतोय असंही नाही. कलावंताला काम करणारा माणूस म्हणून दर्जा आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस युनेस्कोने १९८०मध्येच केली होती.

तिकीट महाग करा म्हणजे नाइट वाढेल, असं कुणी म्हणेल. नाटकाचं पाचशे रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून मुक्त आहे. आधी ही मर्यादा अडीचशे होती, २०१८च्या जानेवारीत पाचशे झाली. त्याच्या वर गेलं की अठरा टक्के. म्हणून बहुतेक नाटकांचं पहिल्या रांगांचं तिकीट पाचशेला चिकटलेलं दिसतं. डिझेल, लाकूड, वर्तमानपत्रातली जाहिरात, सगळं चढत गेलं आणि वरची रेघ तिथेच. मध्ये सापडतं ते मजुरीचं कलम. बाउमोल आणि बोवेन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६मध्ये हे दुखणं मांडून ठेवलं आहे : कारखान्यात यंत्र आलं की तेवढ्याच माणसांत दुप्पट माल निघतो, मैफलीत तसं होत नाही. दोन अंकी नाटकाला आजही तेवढेच नट आणि तेवढाच वेळ लागतो. बाकीच्या जगाची मजुरी वाढते, यांची वाढवायची तर तिकीट वाढवा नाहीतर बाहेरून पैसे आणा. तिसरी वाट म्हणजे कलावंताने कमी पैशात काम करणं, आणि गुपचूप तीच चालू आहे. याअर्थी राज्यातला सर्वांत मोठा कला अनुदान देणारा म्हणजे नोकरी करणारी नटाची बायको.

बाहेरून पैसे आणायची धाडसी तऱ्हा आयर्लंडने २०२२ साली करून पाहिली. दोन हजार कलावंतांना तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो. कामाचा दर्जा कुणी तपासला नाही. पात्र अर्जदारांतून चक्क चिठ्ठ्या काढल्या. मला सर्वांत आवडलं ते पुढचं. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही अशांपैकी हजारेक जणांनाही त्यांनी धरून ठेवलं आणि दोन्ही गटांना ठरावीक काळाने तेच प्रश्न विचारले, म्हणजे फरक पैशांमुळे पडला की आपोआप ते कळावं. लोक रिकामे बसले नाहीत; उलट पैसे मिळणाऱ्यांचे कलेवरचे तास वाढले, साधनांवरचा खर्च वाढला, चिंता आणि नैराश्य कमी झालं. एका युरोमागे समाजाला १.३९ युरो परत मिळाले असा हिशेब सरकारने २०२५मध्ये मांडला आणि योजना कायम करायचं ठरवलं. माझ्यातला हिशेबनीस इथे जरा खाकरतो. त्या परताव्यातला मोठा हिस्सा कलावंतांच्या मानसिक स्वास्थ्याची पैशात किंमत लावून आलेला आहे. तशी किंमत लावता येते, पण ती तिजोरीत जमा होत नाही. तरी त्यांचं एक निःसंशय मानायला हवं : देण्याआधी त्यांनी विचारलं आणि देताना मोजलं. आपल्याकडे २०१०मध्ये सांस्कृतिक धोरण आलं, २०२४मध्ये नवं आलं. ढोलकीवाला वर्षाला किती रात्री वाजवतो हे मोजायचं अजून बाकी आहे.

आयर्लंडची योजना इथे जशीच्या तशी आणा असं मी म्हणत नाही. अर्जदारांच्या रांगेचा नुसता विचार केला तरी घाम फुटतो, आणि चिठ्ठीत भाच्याचं नाव निघालं की काय बोंब होईल ते वेगळंच. मला जवळची वाटते ती फ्रान्सची पद्धत. तिथे बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याची नोंद दाखवली की नट, वादक, प्रकाशवाला यांना कामाच्या अधल्यामधल्या रिकाम्या दिवसांचा बेकारभत्ता मिळतो. सुरुवात १९३६मध्ये सिनेमाच्या तंत्रज्ञांपासून झाली. नियम आवळायला निघाले तेव्हा २००३मध्ये कलावंतांच्या संपामुळे आविन्योंचा नाट्यमहोत्सवच रद्द करावा लागला. मालक दहा असले, काम तुटक असलं तरी कामगार एकच, हे तिथे मान्य आहे.

हे तत्त्व महाराष्ट्राला फ्रान्सकडून शिकायची गरजच नाही. पुण्याच्या मार्केट यार्डात जा. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. कुणा एकाचा नोकर नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९मध्ये माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. पोतं कुणाचं का असेना, पाठ एकाचीच आहे, हे या राज्याच्या विधिमंडळाला तेव्हा कळलं. १९८१मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठीही तसंच मंडळ करता आलं. नाट्यगृहाच्या दारावरचा रक्षक त्या कायद्याखाली येऊ शकतो, आणि आत विंगेत उभा असलेला नाही.

हे मी एका निर्माता मित्राला सांगितलं. पाचशेच्या तिकिटामागे पाच रुपये लेव्ही, यात्रेच्या सुपारीवर यात्रा कमिटीकडून थोडी, एक मंडळ, प्रत्येकाला एक नोंदणी क्रमांक, आणि नाइट मिळाली की तिथे नोंद. तो चहा पिता पिता थांबला. “तुला वर्तमानपत्राच्या जाहिरातीचा दर माहितीये? नाट्यगृहाचं भाडं, जनरेटर, बसवाल्याचं बिल माहितीये? रविवार सोडून हाउसफुल्ल कधी बघितलास?” मी म्हटलं, पाच रुपये प्रेक्षक देणार आहे, तू नाही. तो म्हणाला, प्रेक्षकाचे पाच आणि माझे पाच यांत फरक आहे असं वाटत असेल तर तू हिशेब चुकीच्या धंद्यात शिकलास.

मग तालमीच्या पैशांवर आलो. तिथे तो नरमला. निम्मी नाइट तालमीला द्यायला त्याची हरकत नाही, पण सगळ्या निर्मात्यांनी दिली तर. एकट्याने दिली तर त्याचंच नाटक बंद पडेल. म्हणून तर कायदा हवा, मी म्हणालो. त्यावर त्याने जे सांगितलं ते मी डायरीत लिहून घेतलं आहे, कारण माझ्या कागदावर ते नव्हतं. “लेव्ही आधी चॅनलवाल्यांकडून घे. माझ्या तालमीत तयार झालेला नट ते नेतात. शनिवारी रात्री नऊपर्यंत शूटिंगला अडकवून ठेवतात आणि साडेनऊचा माझा प्रयोग रद्द होतो. त्या दिवशी त्याला त्यांच्याकडून पैसे मिळतात. माझ्या बाकीच्या सात नटांची आणि बॅकस्टेजच्या पोरांची नाइट कोण देतं, ते तुझ्या मंडळात कुठल्या रकान्यात बसतं ते सांग.”